दार उघडलं की मशीन रीस्टार्ट होतंय? आधी लॉकची वायरिंग बघा

निपाणीच्या क्रेडिट सोसायटीवाल्या दादांनी लिहिलंय की बोट लावून दार उघडलं की फिंगरप्रिंट मशीन बंद पडून परत चालू होतंय, आणि डीलर म्हणतोय तुमच्याकडची लाईट खराब, स्टॅबिलायझर घ्या. दादा, स्टॅबिलायझरला पैसे घालू नका, थांबा जरा. आमच्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या शॉपवर अगदी हेच झालेलं आणि आम्हाला पण हेच उत्तर मिळालेलं. मी इलेक्ट्रिकल इंजिनियर नाही, मेंटेनन्स बघतो, त्यामुळं तुमच्या मशीनचं मॅन्युअल वेगळं काही सांगत असेल तर मॅन्युअलचं ऐका.

आमच्या स्टोअरच्या दाराला २८० किलोवालं मॅग्नेटिक लॉक, म्हणजे करंट असेपर्यंत चुंबकानं दार धरून ठेवणारं. बसवणाऱ्यानं मशीन आणि लॉक दोन्हीला मिळून एकच १२ व्होल्टची सप्लाय दिली, ती पण ऑफिसातल्या रॅकजवळ, आणि तिथनं दारापर्यंत पॉवर नेली ती उरलेल्या कॅट फाईव्ह केबलच्या, म्हणजे नेटवर्कच्या बारीक तारांच्या, एका जोडीतनं. दिसायला काम एकदम स्वच्छ, केसिंग वगैरे सगळं. दार उघडलं की स्क्रीन काळी. मग एक दिवस बोर्डच गेला. सर्व्हिस सेंटरला पाठवला तर कागदावर शेरा "हाय व्होल्टेज, वॉरंटी लागू नाही". कुठं मोजलं, किती व्होल्ट आलं, काही विचारायची सोय नाही. पैसे भरून नवीन बोर्ड घातला, तो पण तसाच गेला. फोन केला की "तुमच्या भागात लाईटचा प्रॉब्लेम आहे ओ सर" एवढंच. अरे पण त्याच लाईनवर आमची सीएनसी चालते, ऑफिसातले कॉम्प्युटर चालतात, त्यांना काही होत नाही मग ह्यालाच कसं होतं? लॉकच्या वायरी उघडून बघायला त्यांच्यातला एक माणूस तयार नव्हता, ह्याचा राग मला अजून आहे.

शेवटी मल्टिमीटर लावला तेव्हा कळलं. लॉक साधारण अर्धा अँपिअर खातं. कॅट फाईव्हमधल्या २४ गेजच्या तारेचा रेझिस्टन्स किलोमीटरला ८४ ओहमच्या आसपास, म्हणजे दार सप्लायपासून ३० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ६० मीटर, ५ ओहम, आणि नुसत्या लॉकच्या लोडनं अडीच व्होल्ट तारेतच खपले. सप्लायपाशी १२, दारापाशी साडेनऊ. मशीन त्या साडेनऊवर कसंबसं जिवंत. वर लॉक म्हणजे कॉईल, तिचा करंट एकदम तोडला की उलटा मोठा झटका मारते, आणि तो झटका त्याच तारेनं मशीनच्या बोर्डात. हाय व्होल्टेज होतं हे खरं, पण ते खांबावरनं नाही, लॉकमधनं आलेलं!

उपाय असा. लॉकला वेगळी सप्लाय द्या, दाराजवळ, जाड तारेनं. आणि लॉकच्या दोन टर्मिनलवर ४००७ नंबरचा डायोड टाका (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा छोटा पार्ट, कॉईलचा झटका तिथंच जिरवतो), रुपेरी पट्टीची बाजू प्लसला. उलटा लावलात तर सप्लाय शॉर्ट होणार, म्हणून दोनदा बघून लावा. हे डीसी लॉकपुरतंच, एसी लॉकला डायोड चालत नाही. काही लॉकमध्ये तो आतच असतो, तरी बसवणाऱ्याला विचारा, आणि त्याला ते माहीत नसेल तर माझ्या मते माणूस बदला.

चालू करताना पण घाई नको. सगळी जोडणी मेन बंद ठेवून, अर्थिंग आधी, पॉवर सगळ्यात शेवटी. लॉक न जोडता नुसतं मशीन चालू करा, पहिलं काम ॲडमिनचं बोट नोंदवायचं, नाहीतर मेनू कुणालाही उघडतो. मग लॉक जोडा, पण दार लाकडाची पाचर मारून उघडं ठेवून, म्हणजे कोण आत अडकणार नाही. मॅग्नेटिक लॉक मशीनमधल्या रिलेच्या (स्विचच्या) कॉम आणि एनसी टर्मिनलवर, ते एरवी जोडलेले असतात आणि दार उघडताना तुटतात, आणि शेवटी सप्लाय मुद्दाम काढून दार सुटतंय का बघा. आतनं बाहेर पडायला काच फोडायचं इमर्जन्सी बटण असं लावा की ते थेट लॉकचाच करंट तोडेल, मशीनच्या भरवशावर नको. ह्यात मी कुणाचंच ऐकणार नाही, आग लागली तर सॉफ्टवेअर वाट बघायला लावेल.

नेटवर्कचं थोडक्यात. झेडकेटेको कंपनीच्या बऱ्याच मशीनला सुरुवातीचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) १९२.१६८.१.२०१ असतो, दोन मशीनं एकदम लावली तर भांडतात, एकेक लावून बदला. कम्युनिकेशन पासवर्ड शून्य ठेवू नका आणि मशीन ज्यातनं कॉम्प्युटरशी बोलतं तो ४३७० पोर्ट राऊटरवरनं बाहेर इंटरनेटला उघडू नका. सोसायटीत लोकांच्या ठेवी आहेत, हे हलक्यात घेऊ नका.

आणि एक, तंबाखूत किंवा फाउंड्रीत काम करणाऱ्यांच्या बोटांच्या रेघा झिजलेल्या असतात. त्यांची दोन-तीन बोटं नोंदवा, शिवाय कार्ड द्या. रोज सकाळी दारात त्यांना ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही.

दादा, आता एवढं करा, लॉक धरलेलं असताना सप्लायपाशी आणि मशीनच्या टर्मिनलवर, दोन्हीकडचं व्होल्टेज मोजा आणि तारेची लांबी किती तेही लिहा. दोन्ही आकडे इथं टाका, मग पुढचं सांगतो.