पैसे राहू द्या, आधी दिवस मोजा

तुमचा प्रश्न वाचता वाचता मध्येच थांबले आणि ईमेलमधला जुन्या पावत्यांचा फोल्डर उघडून बसले. तुम्ही लिहिताय: आठ महिन्यांत अकरा कोर्स, चार सॉफ्टवेअर, त्यातलं निम्मं उघडूनही बघितलेलं नाही, ऑनलाइन दुकानाचं पान अजून अर्धवट, आणि आता 'आज रात्री बारापर्यंतच' अशी आणखी एक ऑफर समोर. घेऊ का, असं विचारताय. नका घेऊ.

खरं तर उत्तर एवढंच आहे. पण चार वर्षांपूर्वी मी अगदी याच जागी बसले होते, म्हणून थोडं लांबण लावते. जाहिरातींच्या ईमेल बंद करा, बजेट ठरवा, वगैरे तुम्हाला कोणीही सांगेल, ते सोडून देते.

माझं काम छोटं होतं. घरी बनवलेल्या वस्तू विकणाऱ्यांसाठी, मोबाइलवर वस्तूंचे चांगले फोटो कसे काढायचे यावर दर आठवड्याला एक ईमेल पाठवायचे. सात महिन्यांत ६१२ वाचक जमले होते. फार नव्हते, पण उत्तरं लिहिणारे, प्रश्न विचारणारे होते. पुढची पायरी म्हणजे त्यांच्यासाठी एक मार्गदर्शिका बनवून विकायची. नेमकी तेव्हा ईमेल पाठवण्याच्या एका नव्या सेवेची ऑफर आली: एकदाच पैसे भरा, आयुष्यभर वापरा.

मी हिशेब केला. वेडेपणाने घेतलं असं नाही, चांगला कागदावर हिशेब केला. चालू सेवेचं दहा महिन्यांचं भाडं म्हणजे ही आयुष्यभराची किंमत. अकराव्या महिन्यापासून फुकट! आकडेमोड बरोबर होती. फक्त कागदावर दिवसांचा रकाना नव्हता.

पैसे भरल्यावर लगेच दुसरं पान आलं, 'हे पुन्हा दिसणार नाही' म्हणणारं. मग तिसरं. तिसऱ्या पानावर मी दुसऱ्यांच्या वतीने ही सेवा चालवून देण्याचा परवाना विकत घेतला. माझ्याकडे एकही ग्राहक नव्हता. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथे तर नाकाचाच पत्ता नव्हता.

मग स्थलांतर. नव्या सेवेचा नियम होता की बाहेरून आणलेल्या प्रत्येक पत्त्याला पुन्हा एकदा संमतीची ईमेल जाणार आणि त्यातली लिंक दाबली तरच तो वाचक यादीत राहणार. नियम म्हणून चूक नाही, स्पॅम रोखायला असं करतात. पण विक्रीच्या पानावर तो कुठेही ठळक नव्हता आणि मी अटी वाचल्या नव्हत्या. ६१२ पैकी १३१ जणांनी लिंक दाबली. बाकीच्यांची संमतीची ईमेल बहुतेक स्पॅममध्ये गेली असणार, कारण माझ्या डोमेनची पडताळणीच, म्हणजे ईमेल खरंच माझ्याच वेबपत्त्यावरून येतेय याची खातरजमा, अडकली होती.

आणि इथे त्यांचं मदत केंद्र आलं. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. सहाव्या दिवशी मी तक्रार लिहिली. नवव्या दिवशी उत्तर: स्क्रीनशॉट पाठवा. पाठवला. मग दुसरी व्यक्ती: स्क्रीनशॉट पाठवा. दोन दिवस माझ्याकडून उत्तर गेलं नाही तर तक्रार आपोआप बंद, नवा क्रमांक, पुन्हा पहिल्यापासून. भाषा मात्र इतकी गोड की रागावताना आपल्यालाच लाज वाटावी. एकोणतिसाव्या दिवशी मी पैसे परत मागितले. 'तांत्रिक विभागाचा अभिप्राय आल्यावर कळवतो.' तेहतिसाव्या दिवशी कळवलं: तीस दिवसांची मुदत संपली आहे.

मला अजूनही त्या कंपनीपेक्षा स्वतःचा राग जास्त येतो. सहाव्या दिवशी मी 'दुरुस्त करून द्या' असं लिहिलं, 'पैसे परत करा' असं लिहिलं नाही. आधी पैसे परत मागायचे, तारीख दिसेल असे, लेखी. दुरुस्ती झालीच तर मागणी मागे घेता येते. उलटं करता येत नाही. (कार्डाने भरले असतील तर बँकेकडे तक्रार करण्याचा मार्ग असतो, पण त्यालाही मुदत असते. ती आपापल्या बँकेला विचारा, मी त्यातली जाणकार नाही.)

बरं, तिथेही थांबले असते तर निभावलं असतं. थांबले नाही. फॉर्म नव्याने बनवले, स्वागताच्या ईमेलची मालिका नव्याने लिहिली, रंग जुळवले. दहा आठवडे. त्या दहा आठवड्यांत वाचकांना एकही ईमेल गेली नाही. का? तर पैसे भरलेत, आता वापरायलाच हवं. १९८५ साली हॅल आर्केस आणि कॅथरीन ब्लूमर या मानसशास्त्राच्या संशोधकांनी नाटकांच्या हंगामी तिकिटांवर केलेला एक प्रयोग मला नंतर वाचायला मिळाला. काहींना पूर्ण किमतीत तिकीट दिलं, काहींना न मागता सवलतीत. पहिल्या अर्ध्या हंगामात पूर्ण पैसे मोजलेल्यांनी जास्त नाटकं पाहिली. नाटकं तीच, फक्त खिशातून गेलेली रक्कम वेगळी. तिथे निदान नाटक तरी बघायला मिळालं. मी रंग जुळवत होते.

दीड वर्षाने ती सेवा बंद पडली. 'आयुष्यभर' म्हणजे कोणाचं आयुष्य, ते तेव्हा कळलं. तेलही गेलं, तूपही गेलं.

आता मुद्दा. माझे पैसे बुडाले ते वर्षभरात भरून निघाले असते. ४८१ वाचक आणि अडीच महिने कुठून आणणार? म्हणून आता मी काही घेण्याआधी किमतीच्या शेजारी दिवस लिहिते: शिकायला किती, बसवायला किती, जुनं तिकडे हलवायला किती, आणि पटलं नाही तर बाहेर पडायला किती. शेवटचा आकडा प्रामाणिकपणे लिहिला की निम्म्या वस्तू तिथेच गळतात. फुकट वस्तूंनाही हाच नियम, किंबहुना त्यांना जास्त कडक.

दुसरी गोष्ट थोडी खासगी आहे. तो पावत्यांचा फोल्डर मी एकदा तारखांनुसार लावला. तेवीस पावत्या होत्या. त्यातल्या सतरा अशा आठवड्यांतल्या, ज्यात मला मार्गदर्शिकेचं विक्रीचं पान लिहायचं होतं आणि मी ते पुढे ढकलत होते. बहुतेक रात्री उशिराच्या. लोकांकडे पैसे मागायची मला भीती वाटत होती, आणि कोर्स घेतला की काम केल्यासारखं वाटायचं. खरं घोडं तिथे पेंड खात होतं. लक्ष विचलित होतं, असं तुम्ही लिहिलंय. मला वाटतं लक्ष उगाच विचलित होत नाही, ते एका ठरावीक कामापासून पळतं. माझा अंदाज चुकीचा असू शकतो, पण तुमच्या पंधरा पावत्यांच्या तारखा एकदा बघाच. त्या त्या आठवड्यात कुठलं काम टळलं होतं?

ऑफरच्या पानावर उलटं मोजणारं घड्याळ असेल, तर त्याबद्दल: ते पान ब्राउझरच्या खासगी विंडोत उघडून बघा. पुष्कळदा घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, कारण ते फक्त कुकीवर, म्हणजे त्या साइटने तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदीवर चालतं. काही मुदती खऱ्याही असतात, तेव्हा यावरून सगळ्यांना खोटं ठरवू नका. पण खरी मुदत असली तरी तुमचं दुकान अजून उघडलेलं नाही, हे बदलत नाही. आणि ज्या परीक्षणात ते उत्पादन डोक्यावर घेतलंय, त्यातल्या लिंकवर लिहिणाऱ्याला कमिशन मिळतं का ते बघा. अशा डिजिटल मालावर विक्रीचा अर्धा भाग कमिशन म्हणून देणं अजिबात दुर्मीळ नाही. उत्पादन बाजारात आल्याच्या दिवशीच जो त्याचं 'सखोल परीक्षण' लिहितो, त्याने ते वापरलं कधी?

एका बटणात खरेदी करण्याच्या पद्धतीचं पेटंट अॅमेझॉनला १९९९ साली मिळालं आणि ते २०१७ साली संपलं. आता कोणीही ती सोय देऊ शकतो. मी माझ्यासाठी ती मोडून टाकली: कुठेही कार्ड साठवलेलं नाही आणि रात्री नऊनंतर खरेदी नाही. नवऱ्याला हसू येतं, येऊ दे.

सगळे कोर्स वाईट, असं म्हणत नाही. हिशेब ठेवण्याचा एक छोटा कोर्स मी घेतला, कारण तीन महिने सलग त्याच जागी अडत होते. तो वसूल झाला. अडलेली जागा ऑफरच्या आधीपासून वहीत लिहिलेली असेल, तर खुशाल घ्या. ऑफर वाचल्यावर सुचलेली अडचण धरू नका.

जाता जाता तीन गोष्टी. वाचकांची यादी असेल तर दर महिन्याला ती फाइल स्वतःकडे उतरवून ठेवा. आणि ईमेल सेवा कधी बदललीतच तर डोमेनची पडताळणी, म्हणजे एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या डोमेनच्या सेटिंगमधल्या तीन नोंदी, सगळ्यात आधी. जीमेल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर ईमेल पाठवणाऱ्यांना फेब्रुवारी २०२४ पासून हे सक्तीचं केलंय, पण छोट्यांनीही केलेलं बरं. न वापरलेल्या डोमेनचं आपोआप नूतनीकरणही बंद करा. माझ्याकडे नऊ होती, एकावर काम चालायचं.

एक सांगायला हवं. या खरेदीसाठी कर्ज होत असेल किंवा घरच्यांपासून लपवावं लागत असेल, तर माझं उत्तर बाजूला ठेवा आणि समुपदेशकाशी बोला. तो माझ्या आवाक्यातला विषय नाही.

रात्री बाराला ती ऑफर जाऊ दे. दुकानाचं पान अर्धवट आहे म्हणालात, ते नेमकं कुठल्या ओळीवर थांबलंय? किंमत लिहिण्यापाशी का? तेवढं लिहा, मी उद्या सकाळी बघते.