अकरा वर्षांची लेक आणि डॉक्टरकाका

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, सहावीत शिकते. जन्मल्यापासून तिला गावातले एकच बालरोगतज्ज्ञ बघतात. परवा खोकल्यासाठी नेलं, तेव्हा त्यांनी नेहमीसारखा टॉप वर करायला सांगितला, तर ही हात छातीशी घट्ट धरून अंग चोरून बसली. घरी आल्यावर म्हणाली, "मी तिथे परत येणार नाही." तिच्या छातीत एका बाजूला लहानशी गाठ लागते, दुखतेही. तेही दाखवायचं राहून गेलं. सासूबाई म्हणतात, आता बाई डॉक्टरच बघा. मिस्टर म्हणतात, डॉक्टरसमोर कसली आलीय लाज! आमच्याकडे बाई बालरोगतज्ज्ञ नाही. एक स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडम आहेत, पण कुमारी मुलीला तिथे नेलं तर चार लोक काय म्हणतील, आणि आतून तपासलं तर, अशी धास्ती वाटते. इतक्या वर्षांच्या डॉक्टरांना वाईट वाटेल ते वेगळंच. मुलगा तेरा वर्षांचा आहे, त्याचा काही प्रश्न नाही.
– एक आई, बार्शी

उत्तर : आधी गाठीचं सांगते, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल. मुली वयात येऊ लागल्या की पहिली खूण बहुतेक वेळा हीच असते. स्तनाग्राच्या खाली बोरासारखी गाठ लागते, हात लागला तरी हुळहुळते, आणि बऱ्याचदा आधी एकाच बाजूला येते. दुसरी बाजू काही महिन्यांनी तिला गाठते. आठ ते तेरा या वयात हे कधीही सुरू होऊ शकतं, त्यामुळे तुमची लेक अगदी वेळेवर आहे. रोज दाबून बघू नका, लेप लावू नका, चोळू तर मुळीच नका. लाल झालं, गरम लागलं, ताप आला किंवा स्राव आला, तर मात्र दाखवा. इथून साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते, म्हणजे तिच्याशी त्याबद्दल बोलायला तुम्हाला पुरेसा वेळ आहे. पण तो वाया घालवू नका.

आता डॉक्टरांचं. तुमच्या पत्रात सासूबाईंचं मत आहे, मिस्टरांचं आहे, लोकांचंही आहे. लेकीला नेमकं काय खटकलं, ते मात्र कुणी विचारलेलं दिसत नाही. ती बरी असताना विचारा. गाडीवर मागे बसलेली असताना किंवा भाजी निवडताना विचारलंत तर बरं, कारण समोरासमोर बसवून विचारलं की या वयाच्या मुली तोंडात मिठाची गुळणी धरतात. "काका आवडत नाहीत का?" असं उत्तर आयतं देऊ नका. "तिथलं काय नको वाटलं?" एवढंच विचारा आणि थांबा.

बऱ्याचदा उत्तर डॉक्टरांबद्दल नसतंच. आपल्याकडच्या दवाखान्यांत एक पेशंट टेबलावर असतो, तेव्हा दुसरा आत बाकावर येऊन बसलेला असतो. कंपाउंडर केसपेपर घेऊन ये-जा करत असतो. औषध कंपनीचा एमआर दारातून डोकावतो. पाच वर्षांच्या पोराला याचं काही नसतं, अकरा वर्षांच्या मुलीला मेल्याहून मेल्यासारखं होतं. तसं असेल, तर डॉक्टर बदलून उपयोग नाही. बाईच्या दवाखान्यातही तोच बाक असतो. "पेशंट बाहेर थांबू देत, पडदा ओढा," हे तुम्ही म्हणायचं. खोकल्यासाठी टॉप वर करायची गरजही नसते. सैल कुडता घालून न्या, स्टेथोस्कोप पाठीकडून आत घालता येतो आणि पुढूनही गळ्यातून सरकवता येतो. चांगला डॉक्टर "आता छाती तपासतो हं, चालेल?" असं मुलीलाच विचारतो. तुमचे विचारत नसतील, तर त्यांना ती अजून तीन वर्षांचीच दिसते आहे. हा दोष त्यांच्या पुरुष असण्याचा नाही, सवयीचा आहे.

पुरुष डॉक्टर मुलीला तपासत असताना तिथे एखादी स्त्री हजर असणं हा पेशंटचा हक्कच आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या 2018 च्या रुग्णहक्क सनदेत तो लिहिलेला आहे. त्यामुळे तुम्ही आतच थांबणार हे गृहीत धरा, परवानगी मागू नका. डॉक्टरांनी "आई, दोन मिनिटं बाहेर थांबता?" म्हटलं तर ते फक्त बोलण्यापुरतं मान्य करा. वाढत्या मुलांना एकट्यात बोलायला मिळालंच पाहिजे. तपासणी मात्र एकटीची नको.

कधी उत्तर वेगळंही येतं. डॉक्टर काही बोलले, नको तिथे हात लागला, असं तिने सांगितलं, तर "तुला तसं वाटलं असेल" हे वाक्य तोंडातून काढू नका. ऐकून घ्या, विश्वास ठेवा आणि 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर बोला. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार अशा वेळी मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरनेच करायची असते, तीही आईवडील किंवा तिच्या विश्वासातलं माणूस सोबत असताना. तुमच्या पत्रात तसं काही सूचित होत नाही. पण विचारल्याशिवाय सोडूही नका.

आणि "मला फक्त बाई डॉक्टर पाहिजे," एवढंच म्हणाली, तर तेवढं कारण पुरेसं आहे. तिला नाजूक ठरवू नका. मुंबईचं कामा हॉस्पिटल 1886 साली स्त्रिया आणि मुलांसाठी सुरू झालं, तेव्हा कारभार एडिथ पेची या बाई डॉक्टरकडे होता, कारण पुरुष डॉक्टरकडे जाण्यापेक्षा दुखणं अंगावर काढणाऱ्या बायका घरोघरी होत्या. आज शाळेत तपासणीला येणाऱ्या आरबीएसकेच्या (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या) पथकातही एक पुरुष आणि एक स्त्री असे दोन डॉक्टर असतात. सरकारला सुचतं ते आपल्याला घरात सुचायला काय हरकत आहे?

बालरोगतज्ज्ञ बाईच हवी असा हट्ट मात्र नको. सर्दी-खोकल्याला जवळच्या कुणी एमबीबीएस बाई असतील तर त्या चालतील. पाळीच्या तक्रारींसाठी त्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडम बिनधास्त गाठा. कुमारी मुलीच्या नेहमीच्या तक्रारींसाठी आतून तपासत नाहीत, सोनोग्राफी लागलीच तर लघवी तुंबवून पोटावरून करतात. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री' केंद्रं असतात, तिथेही चौकशी करा. लोकांचं म्हणाल, तर त्या मॅडमच्या बाहेरच्या बाकावर बसलेल्या बायकांनाही आपल्या पोरींची काळजी असतेच.

तुमच्या शेवटच्या वाक्यापाशी मी सगळ्यात जास्त थबकले : "मुलाचा काही प्रश्न नाही." असं कसं? माझ्या दवाखान्यात तेरा-चौदा वर्षांची मुलं आईबरोबर येतात, पंख्याकडे बघत बसतात आणि "पोटात दुखतंय" एवढंच सांगतात. आईला बाहेर पाठवलं की कुणी बोलतं, कुणी त्याहून गप्प होतं. या वयात मुलांच्याही छातीला गाठ येते, ती बहुधा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जिरते, पण तोवर तो शाळेत पोहायला जात नाही आणि का ते घरी कुणाला कळत नाही. जो माझ्याशी बोलत नाही, त्याला मी दोन गल्ल्या सोडून बसणाऱ्या सर्जनमित्राकडे पाठवते. तिकडे तो पाच मिनिटांत सगळं सांगतो.

त्याला एक गोष्ट मात्र आजच सांगा, मिस्टरांनी सांगितली तर अधिक बरं. वृषणाच्या एका बाजूला अचानक जोरात कळ आली, मळमळलं, उलटी झाली, तर रात्री दोन वाजताही उठवायचं. आतली नस पिळली गेली असेल तर साधारण सहा तासांच्या आत रक्तपुरवठा सुरू व्हावा लागतो, नाहीतर ते वृषण काढावं लागू शकतं. मुलं लाजेपायी नुसतं पोट दुखतं म्हणतात आणि घरात ओवा दिला जातो. त्या वेळी बाई की पुरुष हा विचार नाही, जो सर्जन उपलब्ध असेल त्याच्याकडे धावायचं.

जुन्या डॉक्टरांना वाईट वाटेल का? मला विचाराल तर नाही. आम्हा डॉक्टरांना हे नवीन नसतं. "ती आता मोठी झालीय, काही गोष्टींसाठी बाईंकडे नेते, बाकी तुमच्याकडेच," असं सरळ सांगा. लसी, वजन-उंची, ताप हे अठराव्या वर्षापर्यंत बालरोगतज्ज्ञाचंच काम आहे आणि ही गावातली माणसं पुन्हा लागणार आहेत. नऊ ते चौदा या वयात एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचाव करणारी लस दोन डोसांत होते, त्याबद्दल त्यांनाच विचारा. निघताना फाइलमधल्या उंची-वजनाच्या पानांचे फोटो काढून घ्या. नव्या मॅडम ते मागतीलच.