माझं मत दुसऱ्यानंच दिलं, मी काय करू?

प्रश्न : २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेसाठी दुपारी उशिरा मतदानाला गेले, तर यादीत माझ्या नावापुढे आधीच खूण होती. बोटाला शाई नाही, हातात ओळखपत्र, तरी 'तुमचं मतदान झालंय, आता काही करता येत नाही' असं सांगून मला परत पाठवलं. हे बरोबर आहे का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : बाई, साफ चूक आहे. मी महसूल खात्यात होतो, निवडणुकीची ड्युटी बरीच केली, त्यामुळे 'काही करता येत नाही' हे वाक्य कुठून येतं ते ठाऊक आहे. दुपारनंतर रांग वाढते आणि कुणालाच जादा कागद रंगवायचे नसतात.

निवडणूक संचालन नियम, १९६१ मधला ४९-पी हा नियम तुमच्यासाठीच आहे. केंद्राध्यक्षांनी तुम्हाला ओळखीबद्दल प्रश्न विचारायचे आणि समाधान झालं, की छापील मतपत्रिका द्यायची. याला 'प्रदत्त मत' म्हणतात. आम्ही कर्मचारी 'टेंडर व्होट' म्हणायचो. यंत्राचं बटण तुम्हाला दाबता येत नाही. १७-ब नमुन्यात सही करायची, आडोशाला जाऊन कागदावर शिक्का मारायचा आणि घडी घालून तो केंद्राध्यक्षांच्या हाती द्यायचा. ते तो वेगळ्या पाकिटात ठेवतात.

आता कडू भाग. हे पाकीट मतमोजणीच्या दिवशी उघडत नाहीत. निकालानंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका झाली आणि न्यायालयाला गरज वाटली, तरच त्यातल्या मतांचा विचार होतो. मग एवढी यातायात कशाला? राजस्थानात २००८ साली नाथद्वारा मतदारसंघात सी. पी. जोशी अवघ्या एका मतानं हरले. ते प्रकरण न्यायालयात गेलं आणि प्रदत्त मतांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. तुम्ही नुसत्या परत आलात, तर वाद घालायला कागदच उरत नाही.

दर वेळी बोगस मतदानच असतं असंही नाही. एका गावात एकाच नाव-आडनावाच्या तीन-तीन बायका असतात; घाईत भलत्याच ओळीवर खूण होते. पहिला अधिकारी अनुक्रमांक आणि नाव मोठ्यानं वाचतो ते उगीच नाही. तेव्हा कान द्या, पतीचं किंवा वडिलांचं नाव जुळवा. खरंच कुणी तोतयेगिरी केली असेल, तर भारतीय न्याय संहितेत त्याला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही आहे. मतदानाआधीच एखाद्या पोलिंग एजंटाला माणसाचा संशय आला, तर त्याला दोन रुपये भरून आक्षेप घेता येतो. हो, या महागाईतही दोनच रुपये!

तुमच्या बाबतीत ४५ दिवस कधीच उलटून गेले, त्यामुळे त्या मताचं आता काही होणार नाही.

प्रश्न : ओळखपत्र आहे, पण यादीत नाव नाही. मत देता येईल?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. हक्क यादीतल्या नावावर ठरतो, कार्ड फक्त ओळख पटवतं. उलट नाव असेल आणि कार्ड हरवलं असेल, तर आधार, पासपोर्ट, पॅन किंवा वाहन परवाना चालतो. नाव घालण्यासाठी नमुना ६ भरा. उमेदवारी अर्जांची मुदत संपली, की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते, म्हणून निवडणूक जाहीर व्हायची वाट बघू नका. घरात कुणी नुकतंच अठराचं होत असेल, तर त्याचाही फॉर्म सोबतच द्या. २०२२ पासून वयाच्या हिशेबाला १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात.