आम्ही आणि आपण

प्रिय मनू,

परवा आजीशी व्हिडिओ कॉलवर बोलताना तू म्हणालीस, "आजी, जुलैमध्ये आम्ही दोघी भडंग करूया." आजी हसली, पण क्षणभर थांबून तिनं विचारलं, "आम्ही दोघी म्हणजे कोण गं? मी आहे ना त्यात?" तू गोंधळलीस. फोन ठेवल्यावर मला विचारलंस, "बाबा, इंग्रजीत 'वी', फ्रेंचमध्ये 'नू', मग मराठीलाच दोन शब्द कशाला? आणि दिवसभर मी शाळेत फ्रेंच बोलते तेव्हा मराठी जाते कुठे, की आजीसमोर वेळेवर येतच नाही?" मी भाजी परतत होतो. "सवयीनं येईल" एवढंच म्हणालो. ते उत्तर पुरेसं नव्हतं, म्हणून हे पत्र. वाचताना अडलीस तर मोठ्यानं वाच, जोडाक्षरं डोळ्यांपेक्षा कानांना लवकर कळतात.

आधी आम्ही आणि आपण. पाहुणे उठताना म्हणतात, "आम्ही निघतो." म्हणजे यजमान घरीच राहणार. "आपण निघूया" म्हटलं की सगळ्यांनी चपला घालायच्या. ज्याच्याशी बोलतोय तो आत की बाहेर, हे मराठीत बोलण्याआधीच ठरवावं लागतं. तुझ्या वाक्यात 'करूया' होतं, आणि 'करूया' म्हणताना आपण समोरच्याचा हात धरलेला असतो. म्हणजे क्रियापदानं आजीला आत बोलावलं आणि 'आम्ही'नं दाराबाहेर ठेवलं. म्हणून ती थांबली. रागावली नव्हती बरं का. तिला खरंच कळेना की तू आईबरोबर करणार आहेस की तिच्याबरोबर.

हिंदीत हा फरक नाही, गुजरातीत आहे. तेलुगूत तर पक्का आहे, मेमु म्हणजे आम्ही आणि मनमु म्हणजे आपण. मराठीत तो दक्षिणेकडच्या शेजारी भाषांमुळे आला असावा असं भाषेचे अभ्यासक मानतात. शेजारी भाषेतली अशी गोष्ट पुस्तकातून येत नाही. दोन्ही भाषा बोलणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या एका गावात राहतात, एका बाजारात भांडतात, तेव्हा ती येते. आपल्या मिरजेच्या शेजारी कुपवाड आहे ना, तिथे १९६०च्या दशकात जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी हेच पाहिलं आणि १९७१ साली ते छापून आलं. गावात कुणाच्या घरी कानडी, कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या घरी उर्दू. शेकडो वर्षांच्या शेजारानं या भाषांची वाक्यं इतकी सारखी झाली होती की शब्दाच्या जागी शब्द ठेवत गेलं तरी बरंचसं वाक्य दुसऱ्या भाषेत बरोबर उतरायचं. तरी आपापल्या घरची भाषा कुणी टाकली नव्हती. माझी आजी, म्हणजे तुझी पणजी, भाजीवालीशी कानडीत घासाघीस करायची आणि वळून मला हिशेब मराठीत सांगायची. शाळेत ती चार यत्तांपलीकडे गेली नव्हती. एका डोक्यात दोन भाषा ही आपल्या घरात माँट्रियलला आल्यावर सुरू झालेली गोष्ट नाही, हे मला तुला आवर्जून सांगायचं आहे.

आता तुझा दुसरा प्रश्न. मराठी कुठे जात नाही. मागे आपण सापशिडी खेळत होतो तेव्हाचं आठवतं? मी म्हणालो, "दे ती सोंगटी." तुझा हात आधी फाशाकडे गेला, मग सोंगटीकडे. मी तेव्हा मनात टिपून ठेवलं. फ्रेंचमध्ये फाशाला 'दे' म्हणतात. आपण मराठीत खेळत होतो, फ्रेंचचा विषयही नव्हता, तरी तुझ्या डोक्यातली फ्रेंच कान टवकारून बसलेली होती. कॉर्नेल विद्यापीठात व्हिओरिका मारियन आणि मायकल स्पायव्ही यांनी १९९९ मध्ये छापलेल्या प्रयोगात असंच दिसलं. रशियन आणि इंग्रजी येणाऱ्या माणसांना रशियनमध्ये पोस्टाचं तिकीट उचलायला सांगितलं. रशियनमध्ये तिकिटाला 'मार्का' म्हणतात. टेबलावर एक मार्कर पेनही होतं. लोकांची नजर पुन्हा पुन्हा त्या मार्करकडे जात होती.

म्हणजे एक भाषा बोलताना दुसरी झोपत नाही. दोघी जाग्या असतात आणि मेंदू एकीला सारखं "थांब, आत्ता तू नको" म्हणत असतो. दिवसभर मराठीला थांबवून ठेवलेलं असतं, आणि रात्री आजीचा फोन आला की तिला पुढे आणायला एकदोन क्षण लागतात. आजीसमोर तू जी अडखळतेस ती तेवढीच. तेव्हा घाबरून "बाबा, तूच बोल" म्हणून फोन माझ्या हातात देऊ नकोस. थोडं थांब, शब्द येतो. पहिल्या दहा मिनिटांनंतर तू कशी धडाधड बोलायला लागतेस ते मी स्वयंपाकघरातून दर वेळी ऐकतो.

ही मराठी तुझ्यात कधी आली, तर तुझ्या जन्माच्याही आधी. व्हँकूवरला २०१० साली नवजात बाळांवर एक प्रयोग झाला. ज्या आया गरोदरपणात फिलिपिन्सची टागालोग आणि इंग्रजी दोन्ही बोलत होत्या त्यांच्या बाळांना दोन्ही भाषांत रस होता, आणि त्या दोन वेगळ्या आहेत हेही त्यांना कळत होतं. तू पोटात असताना आई ऑफिसात इंग्रजी, दुकानात फ्रेंच आणि माझ्याशी मराठी बोलायची. तू हे सगळं ऐकत होतीस.

त्याच शहरातला आणखी एक प्रयोग माझ्या फार आवडीचा आहे, कारण त्यात आपले 'त' आणि 'ट' आहेत. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये तो छापला. इंग्रजी घरातल्या बाळांना हिंदीतले त आणि ट ऐकवले. आवाज बदलला की बाळानं मान वळवायची, बरोबर वळवली की डब्यातलं खेळणं उजळायचं. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला. दहा ते बारा महिन्यांच्या फारच थोड्यांना कळला. हिंदी घरातल्या वर्षाच्या बाळांना मात्र कळतच होता. जो आवाज घरात लागत नाही त्याच्याकडे कान वर्षाच्या आत लक्ष देणं सोडतात. गेल्या महिन्यात तुझी मैत्रीण जेवायला आली होती तेव्हा तू तिला गंमत म्हणून "ताक टाक" म्हणायला लावलंस. तिनं एकच शब्द दोनदा म्हटला, आणि आपण दोनदा वेगळं म्हटलं याची तिची खात्री होती. तिचा काही दोष नाही. तुझे कान उघडे राहिले, कारण तुला पाळण्यात घालताना कुणीतरी त आणि ट वेगळे बोलत होतं. मला ते आठवलं की फार बरं वाटतं.

आता जे मी तुला कधी सांगितलं नाही ते सांगतो. तू चार वर्षांची असताना बालवाडीत कमी बोलायचीस. तिथल्या एका बाईंनी आम्हाला बोलावून सांगितलं, की घरी मराठी बंद करा, मूल गोंधळतंय. आम्ही घाबरलो आणि ऐकलं. सहा महिने मी तुझ्याशी मोडक्या फ्रेंचमध्ये बोललो. रात्री झोपवताना गोष्ट सांगायला माझ्याकडे शब्दच नसायचे, मी चित्रावर बोट ठेवून नावं घ्यायचो. तू एकदा माझ्या तोंडावर हात ठेवून म्हणालीस, "बाबा, नीट सांग." त्या रात्री मी पुन्हा मराठीत गोष्ट सांगितली आणि दुसऱ्या दिवसापासून घर पूर्वीसारखं झालं. त्या सहा महिन्यांबद्दल मी तुझी माफी मागतो. दोन भाषांमुळे मूल मागे पडत नाही. तुझे फ्रेंच शब्द तेव्हा कमी होते, पण मोजणाऱ्यांनी 'वरण', 'पांघरूण', 'आत्या' मोजलेच नव्हते. अशा मुलांचे दोन्हीकडचे शब्द एकत्र धरावे लागतात, मग ती इतरांच्या बरोबरीनं दिसतात.

वाईट याचं वाटतं, की हे उत्तर याच शहरात होतं. पूर्वी दोन भाषांनी बुद्धी मंदावते असं मानायचे, कारण गरीब स्थलांतरितांच्या मुलांची तुलना सुस्थितीतल्या एकभाषी मुलांशी व्हायची. मॅगिल विद्यापीठाच्या एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी १९६२ मध्ये माँट्रियलची दहा वर्षांची मुलं घेतली, घरची परिस्थिती सारखी आहे हे पाहिलं, आणि फ्रेंच-इंग्रजी दोन्ही येणारी मुलं चाचण्यांत पुढे निघाली.

म्हणून मराठीमुळे तू इतरांपेक्षा हुशार होशील असं मात्र मी म्हणणार नाही. दोन भाषांनी लक्ष एकाग्र होतं का, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे आणि नंतरच्या कित्येक प्रयोगांत फरक दिसलेला नाही. दोन भाषांमुळे म्हातारपणी विसराळूपणा उशिरा येतो का, याबद्दलही सगळ्या अभ्यासांचं एकमत नाही. पण हैदराबादच्या एका अभ्यासानं मला पणजी आठवली. सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी पाहिल्या. एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली होती. २०१३ साली हे छापून आलं. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं त्यांच्यातही उशीर दिसला, म्हणजे हा नुसता शाळेचा परिणाम नव्हता.

विसरशील का, अशी भीती तुला वाटते हे मला माहीत आहे. भाषा जाऊ शकते, मी खोटं सांगणार नाही. कोरियातून तीन ते आठ वर्षांच्या वयात फ्रान्समध्ये दत्तक गेलेली मुलं मोठी झाल्यावर कोरियन वाक्यं इतर परक्या भाषांतून ओळखू शकली नाहीत, आणि मेंदूच्या स्कॅनमध्येही कोरियनची खूण सापडली नाही. पण २०१४ साली इथे माँट्रियलला चीनमधून तान्हेपणी दत्तक आलेल्या ९ ते १७ वर्षांच्या मुलींना चिनी भाषेतले, शब्दाचा अर्थ बदलणारे सूर ऐकवले. त्यांना चिनीचा एक शब्द येत नव्हता. तरी सूर ऐकताना मेंदूच्या डाव्या बाजूचा तोच भाग जागा झाला जो चिनी बोलणाऱ्या मुलींचा होतो. फक्त फ्रेंच येणाऱ्या मुलींत तसं झालं नाही. हे वाचून मी लॅपटॉप मिटला आणि तुझ्या खोलीत येऊन तुझं पांघरूण सारखं केलं. तू झोपली होतीस.

रविवारी सकाळी आजीला फोन करू. भडंगात लसूण चालेल का, असं तिनं विचारलंय, आणि चुरमुरे आत्ताच आणून ठेवायचे की तुम्ही दोघींनी बाजारात जाऊन आणायचे तेही. मी तिला काही सांगितलेलं नाही. तूच सांग.

तुझा,
बाबा