फ्लेक्सवर सिनेमाचं नाव आणि लोगो टाकला तर नोटीस येते का?

प्रश्न: नमस्कार ताई, आमच्या सोसायटीत दिवाळीच्या सुट्टीत मुलांसाठी हॅरी पॉटर थीमचा एक दिवसाचा फेस्ट ठेवलाय. तिकीट माणशी १५० रुपये, शिवाय दोन क्लासवाले आणि एक डेंटिस्ट स्पॉन्सर मिळालेत. फ्लेक्सवाल्याने नेटवरून सिनेमाचा तो विजेसारख्या अक्षरांचा लोगो उचलून डिझाइनपण करून टाकलं, व्हॉट्सअॅपवर फिरलंसुद्धा. आता कमिटीतले एक काका म्हणतायत कंपनीची नोटीस येईल. बाकीचे म्हणतात एवढ्याशा सोसायटीकडे कोण बघतंय, आणि आपण काय नफा कमवतोय का. खाली बारीक अक्षरात 'कॉपीराइट भंगाचा हेतू नाही' असं टाकलं तर चालेल ना?
– एक कमिटी मेंबर, ठाणे

उत्तर: काकांचं ऐका. कोण बघतंय असं कोलकात्यातल्या सॉल्ट लेकमधल्या एफडी ब्लॉकच्या दुर्गापूजेवाल्यांनाही वाटलं असणार. २००७ मध्ये त्यांनी हॅरी पॉटरच्या जादूच्या शाळेसारखा, म्हणजे हॉगवर्ट्सच्या किल्ल्यासारखा मंडप उभा केला आणि त्या पुस्तकांच्या लेखिका रोलिंग, सिनेमे काढणारी वॉर्नर ब्रदर्स कंपनी वगैरे मंडळी थेट दिल्ली हायकोर्टात गेली, २० लाखांची भरपाई मागत. मंडळाने पैसे कमवायला हे केलेलं नाही हे बघून कोर्टाने त्या वर्षीचा मंडप तसाच राहू दिला, पण पुढे परवानगीशिवाय असलं काही करायचं नाही असंही बजावलं. म्हणजे 'नफा नाही' एवढ्यावर एकदा सूट मिळाली, कायमचा पास नाही मिळाला. आणि खरं सांगू का, तुमच्याकडे तर तिकीट आहे, स्पॉन्सर आहेत, मग नफा झाला काय नि खर्चात गेला काय, बाहेरून बघणाऱ्याला तो धंदाच दिसतो.

अमेरिकेतही हेच झालंय. तिथे गावोगावी हॅरी पॉटर फेस्टिव्हल भरायचे, रस्ताभर दुकानं लागायची. २०१८ च्या सुमारास वॉर्नर ब्रदर्सने आयोजकांना पत्रं पाठवली की फॅन म्हणून जमताय तर जमा, पण आमची नावं वापरून धंदा नको. फिलाडेल्फियातल्या चेस्टनट हिलवाल्यांनी मग चेटकिणी-जादूगारांच्या नावाने उत्सव चालू ठेवला. त्या पुस्तकातला झाडूवरचा खेळ मैदानावर खेळणाऱ्या संघटनांनी २०२२ मध्ये खेळाचं नावच 'क्विडिच'चं 'क्वाडबॉल' केलं. रोलिंगबाईंच्या ट्रान्सजेंडर लोकांबद्दलच्या वादग्रस्त मतांपासून लांब राहायचं हे एक कारण होतंच, पण नावाचा ट्रेडमार्क (म्हणजे धंद्यात ते नाव वापरायचा हक्क) वॉर्नरकडे असल्याने स्पॉन्सर आणि प्रक्षेपण मिळवताना अडचण येते हेही त्यांनी सांगितलं होतं.

आता तुमचा फ्लेक्स. लोगोचं डिझाइन ही कलाकृती असते म्हणून त्यावर कॉपीराइट येतो आणि तोच लोगो ट्रेडमार्क म्हणूनपण नोंदवलेला असतो, म्हणजे एक चित्र उचललं की दोन कायद्यांत सापडता. रंग बदलला, एक अक्षर तिरकं केलं, फॉन्ट फुकट डाउनलोड केला, याने सुटका नाही, कारण कोर्ट दोन लोगो शेजारी ठेवून पट्टी लावत नाही, साधारण माणूस अर्धवट आठवणीवर फसेल का ते बघतं. आणि ती खालची बारीक ओळ तर टाकूच नका, आम्हाला माहीत होतं असं स्वतःच्या हाताने लिहून देण्यासारखं आहे ते. (ही ओळ नेमकी कोणी सुरू केली देव जाणे, यूट्यूबवर तर प्रत्येक चोरलेल्या गाण्याखाली असते.)

मग करायचं काय? फेस्ट करा की बिनधास्त. नाव 'जादूगारांची शाळा' ठेवा. झाडू, टोप्या, घुबडं, मेणबत्त्या या कुठल्याही स्टुडिओच्या मालकीच्या नाहीत. आत एखादी प्रश्नमंजुषा हॅरी पॉटरच्या पुस्तकांवर असेल तर कार्यक्रमपत्रिकेत साध्या अक्षरात तसं लिहायला हरकत नाही, कारण तिथे तुम्ही प्रश्न कशावर आहेत एवढंच सांगताय. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ३० मध्ये अशा प्रामाणिक उल्लेखाला जागा आहे. पण तेच नाव फ्लेक्सवर सगळ्यात वर, सगळ्यात मोठं आणि शेजारी डेंटिस्टचा फोन नंबर, असं असेल तर ते कंपनीच्या परवानगीने चाललंय असंच लोकांना वाटणार. परवानगी मागायची असेल तर स्टुडिओच्या लायसन्सिंगवाल्यांना ईमेल करा, फक्त उत्तर आलं नाही म्हणजे हो म्हणाले असं धरू नका. आणि संध्याकाळी सिनेमा दाखवायचा बेत असेल तर त्याचे हक्क वेगळे घ्यावे लागतात, सोसायटीचं पटांगण असलं तरी.

व्हॉट्सअॅपवर फिरलेलं डिझाइन आजच मागे घ्या. नोटीस आलीच तर बहुतेकदा पहिल्या पत्रात 'थांबा आणि काढून टाका' एवढंच असतं. ते लगेच करून वकिलाकडून दोन ओळींचं उत्तर पाठवा, ड्रॉवरमध्ये टाकून गप्प बसू नका.

प्रश्न: आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला 'शोले नाइट' नाव दिलंय. सर म्हणतात सिनेमाच्या नावावर कॉपीराइटच नसतो. खरं का?
– एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर: सर अर्धे बरोबर. नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो असं सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये 'देसी बॉइज'च्या वादात सांगितलंय. पण ट्रेडमार्क हे वेगळंच प्रकरण आहे आणि तुम्ही नेमकं शोलेच निवडलंत! त्या नावाने वेबसाइट चालवणाऱ्यांना दिल्ली हायकोर्टाने २०२२ मध्ये नाव वापरायला मनाई केली, वर २५ लाख रुपये भरायला लावले. त्यांचा धंदा होता, तुमचं गॅदरिंग आहे, तेव्हा इतकं घाबरू नका, पण तिकीट आणि कोल्ड्रिंकवाल्या कंपनीचा बॅनर असेल तर 'सत्तरच्या दशकातली रात्र' असं काहीतरी ठेवा. गब्बरच्या डायलॉगवर मिमिक्री स्टेजवर होऊ दे, ती पोस्टरवर नको.

प्रश्न: दहीहंडीच्या बॅनरवर हिरोचा फोटो आणि त्याचा फेमस शब्द टाकला तर?
– एक मंडळ कार्यकर्ता, लालबाग

उत्तर: हा ट्रेडमार्कपेक्षा त्या माणसाच्या स्वतःच्या हक्काचा प्रश्न आहे. अनिल कपूर २०२३ मध्ये दिल्ली हायकोर्टातून फोटो, आवाज आणि त्यांच्या त्या 'झकास'ला संरक्षण घेऊन आले, २०२४ मध्ये जॅकी श्रॉफ 'भिडू'साठी गेले. तुम्ही आपसात झकास म्हणा, भिडू म्हणा, कोणी अडवत नाही. स्पॉन्सरच्या बॅनरवर त्यांच्या फोटोशेजारी छापू नका, आणि हिरो येणार नसेल तर फोटो अजिबातच नको, गर्दी मंडळाच्या अंगावर येते.