जगात धान्य कमी आहे म्हणून लोक उपाशी आहेत का? दोन प्रश्नांना उत्तर

मागच्या आठवड्यात आपल्या शेतकरी ग्रुपवर दोन मेसेज आले. एक, "साहेब टीव्हीवर सांगतात जगात कोट्यवधी लोक उपाशी आहेत, मग आमच्या मक्याला गिऱ्हाईक का नाही?" आणि दुसऱ्या भाऊंचं म्हणणं की लोकसंख्या वाढली, धान्य पुरेना, म्हणून भूक आहे, तर जास्त उतारा देणारं वाण सांगा.

वाणाचं नंतर बोलू, आधी हिशोब बघा. जगात वर्षाला साधारण २८० कोटी टन तृणधान्य पिकतं, माणसं ८०० कोटी. म्हणजे माणशी साडेतीन क्विंटल, रोजचं जवळपास किलोभर, डाळी-भाजीपाला वेगळाच. त्यातलं बरंच कोंबड्या-डुकरांच्या खाद्याला नि इथेनॉलला जातं कारण तिथं पैसे मोजणारा आहे. तरी २०२३ मध्ये ७० कोटींच्या आसपास लोक अर्धपोटी होते. भाऊ, तुमच्या मक्याचं पण तेच, उपाशी माणूस मोंढ्यात बोली लावायला येत नाही.

१९४३ चा बंगालचा दुष्काळ घ्या. वीस ते तीस लाख माणसं गेली. आधी चक्रीवादळ झालं, भातावर तपकिरी ठिपक्यांचा रोग पडला, ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ जपान्यांमुळं बंद झाला, हे सगळं खरं. पण अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी आकडे काढून दाखवलं की त्या वर्षी तांदूळ १९४१ पेक्षा जास्तच होता, आणि १९४१ ला दुष्काळ नव्हता! झालं काय, तर दुसऱ्या महायुद्धाच्या खर्चानं महागाई भडकली, साठेबाजी झाली, डिसेंबर १९४२ ला कलकत्त्यात मणाला १३-१४ रुपये असलेला तांदूळ ऑगस्ट १९४३ पर्यंत ३७ वर गेला आणि मजुरी काही त्या हिशोबानं वाढली नाही. मेले कोण? रोजंदारीवाले, मासेमारी करणारे, केस कापणारे (पोटाला नाही तर केस कोण कापून घेतो). बटईवाला (दुसऱ्याची जमीन वाट्यानं कसणारा) त्यामानानं तगला कारण त्याचा वाटा धान्यात होता.

आता आपल्या महाराष्ट्राचा १९७२ चा दुष्काळ आठवा, घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. पीक पार गेलं, जनावरं गेली, हाल खूप झाले, पण बंगालसारखी माणसं मेली नाहीत. कारण खडी फोडायची, पाझर तलावाची सरकारी कामं निघाली, मे १९७३ ला जवळपास ५० लाख लोक कामावर होते, हातात मजुरी होती मग मिलो (बाहेरून आलेली लाल ज्वारी) का होईना विकत घेता आला. पुढं १९७७ ला रोजगार हमीचा कायदा झाला तो यातूनच.

म्हणून दुसऱ्या भाऊंना सांगणं, उतारा जरूर वाढवा, माती परीक्षण करून या, वाण तुमच्या जमिनीवर ठरेल. पण काढणी झाली की सगळा माल एकदम मोंढ्यात ओतून उन्हाळ्यात चढ्या भावानं ज्वारी विकत घेणारे आपल्यातच कमी नाहीत. खाण्यापुरतं आधी बाजूला काढा, दाताखाली कटकन तुटेपर्यंत वाळवा, मगच कोठीत भरा. पैशाची नड असेल तर बाजार समितीत शेतमाल तारण योजना चालू आहे का ते विचारा, माल गोदामात ठेवून पिकानुसार किमतीच्या जास्तीत जास्त ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, सहा महिन्यांसाठी, ६ टक्के व्याजानं. सातबारा सोबत न्या. ओला माल घेत नाहीत, तेव्हा मका नीट वाळवूनच गाडी भरा.