पातळ केल्यावरच ग्राफीन खाली बसत असेल तर

सोडियम कोलेट या साबणासारख्या पदार्थाच्या (सर्फॅक्टंटच्या) पाण्यातलं ग्राफीन (ग्राफाइटपासून सुटे केलेले कार्बनचे अतिपातळ पापुद्रे) बाटलीत आठ दिवस काळंभोर राहतं आणि पातळ केलं की रात्रीत गुठळ्या होतात, असं तुम्ही लिहिलंय. हा त्रास चांगलाच ओळखीचा आहे. सोनिकेशन (ध्वनिलहरींनी पापुद्रे सुटे करणं) वाढवू नका, दोष तिथे नाही. पातळ करायला कोणतं पाणी घेता ते आधी बघा.

कोलेटचे ऋणभारित आयन पापुद्र्यांवर बसतात, म्हणून पापुद्रे एकमेकांना दूर लोटतात. हे लोटणं किती अंतरापर्यंत पोचतं, ते पाण्यातल्या क्षारांवर ठरतं: 1 मिलिमोलर मिठात सुमारे 10 नॅनोमीटर, 150 मिलिमोलर सलाइनमध्ये जेमतेम 0.8. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम द्विभारित, म्हणून मिठाहून घातक. नुसतं डीआयोनाइज्ड (क्षार काढलेलं) पाणीही नको. त्यात पापुद्र्यांवरचं कोलेट सुटून जातं. मूळ द्रावणात जितकं कोलेट आहे तितकंच असलेल्या पाण्याने पातळ करा.

आमचे तीन महिने एका तपासणी केंद्रापायी गेले. झीटा पोटेन्शियल (पापुद्रे एकमेकांना किती जोराने लोटतात याचा अंदाज देणारं माप) मोजताना त्यांनी नमुना परस्पर सलाइनने पातळ केला आणि 'अस्थिर' असा शेरा मारून पाठवला. कशाने पातळ केलात, तर "आमची ठरलेली पद्धत आहे". तोवर इकडे सर्फॅक्टंटवर सर्फॅक्टंट बदलणं चालू होतं. म्हणून नमुन्यासोबत पातळ करायचं द्रावण स्वतः पाठवा आणि ते वापरल्याचं अहवालात लिहून मागा. झीटाचा आकडा उणे 30 मिलिव्होल्टच्या पलीकडे, म्हणजे आणखी उणे असला की साधारण निभावतं.

"कोलेट वाढवा, टिकेल" हा सल्ला माझ्या मते चुकीचा. 5 मि.ग्रॅ./मि.ली. ग्राफाइटला 0.1 मि.ग्रॅ./मि.ली. कोलेटही चालतं. फार वाढवलं तर क्षारभार वाढतो, आणि कोलेटचे मायसेल (रेणूंचे झुबके) झाले की तेच पापुद्र्यांना एकत्र ढकलतात. आम्ल तर अजिबात घालू नका: पीएच उतरला की कोलिक आम्लच साका होऊन बसतं. 8 ते 9 ठेवा.

हे सगळं कोलेटपुरतं. ग्राफीन ऑक्साइडचं गणित वेगळं.

आणखी एक, पावडर 'ग्राफीन' म्हणून विकत घेतली असेल तर रामन चाचणी (लेझरच्या प्रकाशाने पापुद्रे किती जाड आहेत ते ओळखणारी) करून घ्या. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 60 उत्पादकांचे नमुने तपासले होते, बहुतेकांत खरं ग्राफीन 10 टक्क्यांहून कमी निघालं. जाड ग्राफाइट कुठल्याही कोलेटने तरंगत राहत नाही.